परत आलेलं कार्ड

“भयंकर पुस्तक आहे हो हे!” शिपायानं पुस्तक मेजावर ठेवलं आणि वर तोंडभर हसला.

कोसारानं मान वर केली. बाहेर फेब्रुवारीचा कोशावा वारा खिडक्यांच्या काचा खडखडवत होता. शिपायाच्या टोपीवरचं बर्फ वितळून टपटप गळत होतं, आणि तेही नेमकं पुस्तकावर.

“भयंकर होतं तर शेवटपर्यंत वाचलंत कशाला?”

“भयंकर होतं म्हणूनच तर! दोनदा वाचलं. बाई, अजून एखादं असंच भयंकर आहे का तुमच्याकडे?”

“आमच्याकडे सध्या सगळंच भयंकर आहे,” ती रुमालानं पुस्तक पुसत म्हणाली.

तो जरा घुटमळला. मग धीर करून म्हणाला, “आणि तुमचा आवाज... तोसुद्धा फार भयंकर आहे.”

कोसाराच्या कानशिलांवर रक्त चढलं. ती काही बोलणार, एवढ्यात डोमिनो खेळणाऱ्यांच्या टेबलावरून एक क्रोएशियन कॉर्पोरल खो-खो हसत सुटला. “बाई, रागावू नका! तो चेक आहे. ‘उझास्नी’ म्हणतोय ना? तुमच्या-माझ्या भाषेत तो शब्द भयंकर, पण त्यांच्या गावाकडे त्याचा अर्थ अप्रतिम!”

आता कान लाल व्हायची पाळी शिपायाची होती. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. कोसारानं हसू लपवायला खाली वाकून खण उघडला आणि उगीचच किल्ल्या शोधल्या.

सर्बियाच्या राजधानीवर, बेलग्राडवर, ऑस्ट्रियाच्या बादशहाचं निशाण लागल्याला सोळा महिने होत आले होते. सोळा महिन्यांत त्या इमारतीत ती पहिल्यांदा हसली होती.

ही इमारत म्हणजे तिची शाळा. युद्धाआधी ती इथे तिसरीच्या मुलींना शिकवायची. आता तिसरीच्या वर्गात बिलियर्डचं टेबल होतं, चौथीच्या वर्गात रम घातलेला चहा मिळायचा, आणि भिंतीवरची अक्षरमाला उतरवून तिथे बादशहाची तसबीर लागली होती. गावात सर्बियन भाषेच्या सिरिलिक अक्षरांना बंदी होती. शाळेचं शिपायांसाठी विश्रामघर केलं तेव्हा किल्ल्यांची माहिती असलेलं आणि जर्मन येणारं कुणीतरी हवं होतं. कोसारा राहिली. वाचनालयातली पुस्तकं द्यायची, डोमिनोचे डबे मोजून परत घ्यायचे, बिलियर्डच्या काठ्या कपाटात लावायच्या, आणि चार वाजता डबाभर सूप आणि अर्धा पाव घेऊन घरी जायचं.

त्या सुपावर आई जगत होती. पण दोर्चोलमधल्या त्यांच्या गल्लीत त्या डब्याला जणू वास येत होता. समोरच्या पेर्सिदाबाई, ज्यांनी कोसाराला अंगाखांद्यावर खेळवलं होतं, त्या तिला डबा घेऊन येताना पाहिलं की खिडकी लावून घ्यायच्या.

“लावू दे,” आई स्तामेना म्हणायची. “तिला मुलगा नाही गं छावणीत. तिला काय कळणार!” आणि लगेच, “आज मिलुनचं कार्ड आलं का?”

मिलुन म्हणजे कोसाराचा धाकटा भाऊ. वीस वर्षांचा. शहर पडलं तेव्हा पकडला गेला, आणि आता दूर हंगेरीपलीकडे कैद्यांच्या छावणीत होता. महिन्यातून एखादं कार्ड यायचं. आठ-दहा ओळी, त्यातही निम्म्या सेन्सॉरनं काळ्या केलेल्या. उरलेल्या ओळींत एवढंच असायचं – मी बरा आहे, आईला नमस्कार.

*

चेक शिपाई दुसऱ्या दिवशी आला. तिसऱ्या दिवशीही आला. नाव ओटाकार. पुस्तक न्यायला यायचा आणि तिथेच मेजापाशी उभा राहून पानं उलटत राहायचा.

“बसायला खुर्च्या आहेत,” कोसारा म्हणायची.

“खुर्चीवरून इथलं नीट दिसत नाही.”

“इथलं म्हणजे?”

“कपाट हो. किती सुंदर कपाट आहे.”

कपाटाचं एक दार निखळलेलं होतं. दोघंही गंभीर चेहऱ्यानं त्या दाराकडे बघत राहायची.

तो युद्धाआधी गावचा टपालवाला होता. आठ वाड्या, दोन टेकड्या आणि एक चावरं कुत्रं, असं त्याचं राज्य. म्हाताऱ्या-कोताऱ्यांना तो पत्रं वाचूनही दाखवायचा. “आणि वाईट बातमी असली की?” तिनं एकदा विचारलं.

“आधी त्यांना बसायला सांगायचो. मग पाणी मागायचो. तहान नसली तरी.” त्यानं हातातलं पुस्तक मिटलं. “पण एक सांगतो बाई, अकरा वर्षांत एक पत्र अडवलं नाही मी. पूर आला होता तेव्हा गळ्याइतक्या पाण्यातून गेलो.”

“आणि आता काय करता?”

“आता... कचेरीत आहे. कागदं इकडची तिकडे.” आणि त्यानं घाईनं विषय बदलला.

मार्च गेला, एप्रिल आला. कोसाराला आपलंच नवल वाटू लागलं. सकाळी केस विंचरताना ती दोनदा आरशात बघायची. दुपारी दोनचे ठोके पडले की तिचा हात आपोआप कॉलर नीट करायचा, आणि लगेच स्वतःचीच चीड यायची... त्याच्या अंगावर तोच गणवेश आहे ना? त्याच रंगाच्या कोटांनी मिलुनला बंदुकीच्या दस्त्यानं ढकलत नेलं होतं ना? मग ती त्याच्याशी तुटक बोलायची. तो ते निमूट ऐकून घ्यायचा आणि जाताना म्हणायचा, “बाई, आज तुम्ही फार भयंकर दिसताय.” ती ओठ चावायची. पण हसू फुटायचंच.

मे महिन्यात एक दिवस तो आला तो गप्पच. पुस्तक घेतलं नाही, कपाटाकडे पाहिलं नाही. नुसता तिच्याकडे बघत उभा राहिला.

“बरं नाही का?” तिनं विचारलं.

“नाही... म्हणजे, बरा आहे.” मग म्हणाला, “मला जरा पाणी द्याल?”

तिनं दिलं. तो प्यायला नाही. पेला हातात धरून राहिला, मग तसाच मेजावर ठेवून निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून मात्र तो पूर्वीपेक्षा जास्त बोलू लागला, जास्त हसवू लागला. लायलॅकची एक डहाळी आणून त्यानं तिच्या दौतीत खोचून ठेवली. फुलं शाईनं निळी झाली तेव्हा कोसारा अशी हसली, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या डोळ्यांतही आलं होतं. हसण्यानंच आलं असेल, असं तिला वाटलं.

*

रविवारी दुपारी किल्ल्याच्या बागेत लष्करी बँड वाजायचा. बाकांवर अधिकारी, त्यांच्या बायका, कडक इस्त्रीचे शिपाई. शहरातली माणसं बाकांवर बसायची नाहीत. पण सूर काही कुंपणापाशी थांबत नाहीत, म्हणून ती लांब तटाच्या कडेला, जिथून सावा आणि डॅन्यूबचा संगम दिसतो तिथे, बँडकडे पाठ करून उभी राहायची.

जूनच्या मध्यातला रविवार होता. लिंडेनच्या झाडांना मोहर आला होता आणि त्या गोड वासानं डोकं जड झालं होतं. कोसारा तटापाशी उभी होती. पाच पावलांवर ओटाकार येऊन थांबला. दोघंही नदीकडे बघत बोलू लागली, एकमेकांकडे न पाहता.

“आज शाळेतला काळा झगा नाही,” तो म्हणाला.

“तुम्ही नदी बघताय ना?”

“नदीतच दिसतंय.”

“एवढ्या वरून?”

“टपालवाल्याची नजर आहे बाई.”

ती हसली. वारा आला, मोहराचे कण उडून तिच्या बाहीवर पडले. ते उचलायला तो हात पुढे करतोय असं तिला वाटलं... त्यानं हात मागे घेतला. तिला वाटलं, घेतला नसता तर बरं झालं असतं.

“तुमच्या नासपतीला फळ धरलं का हो?” तो सहज म्हणाला. “उशिरा फुलली यंदा. म्हणून विचारलं.”

“कुठलं! दहा-बारा धरली असतील—”

ती थांबली. बँडनं नवं वॉल्ट्झ सुरू केलं होतं. नासपतीचं झाड घरामागच्या अंगणात होतं. ते उशिरा फुललं, हे तिनं शाळेत कुणाला सांगितलं नव्हतं. ते फक्त एकाच ठिकाणी लिहिलं होतं.

“तुम्हाला कसं माहीत?”

त्यानं टोपी काढून हातात धरली.

“मी विचारतेय. ते मी माझ्या भावाला लिहिलं होतं. कार्डावर. एप्रिलमध्ये. तुम्हाला कसं माहीत?” आता ती सरळ त्याच्याकडे बघत होती. “कागदं इकडची तिकडे. असं म्हणालात ना? तुम्ही सेन्सॉरमध्ये आहात.”

“हो.”

“माझी कार्डं वाचता. मिलुनची वाचता. त्यावर काळं फासता ते तुम्ही!”

“वर्षभर. मी तुमच्या वाचनालयात आलो ते... कार्डं लिहिणारी कोण, ते बघायला आलो होतो. पुस्तक हे निमित्त.”

अपमानानं कोसारा एक पाऊल मागे सरली. आणि तरी, तशातही, तिच्या मनात एक आशा लखकन चमकून गेली. “मग तुम्हाला ठाऊक असेल. तीन महिने त्याचं उत्तर नाही. कुठे अडकलंय? त्याला दुसऱ्या छावणीत नेलंय का? सांगा ना!”

ओटाकारनं कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. हात बाहेर यायला फार वेळ लागला.

तिचंच कार्ड होतं. तिचंच अक्षर, नासपतीची ओळ, खाली ‘तुझी ताई’. त्यावर आडवा जांभळा शिक्का – मृत. परत पाठवावे. बाजूला पेन्सिलनं तारीख, तीस एप्रिल.

तिनं ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं.

“हे कधी आलं?”

“चोवीस दिवस झाले.”

“चोवीस दिवस...” ती मनात मागे मागे गेली. पाण्याचा पेला. मग लायलॅकची डहाळी, निळी फुलं, तिचं ते हसणं. “मी हसत होते. हे तुमच्या खिशात होतं आणि तुम्ही मला हसवत होतात?”

“अशी कार्डं एका गठ्ठ्यात जातात. मग एक दिवस शिपाई येऊन दारात कागद वाचून जातो. मला ते नको होतं. मी चोरून काढलं, स्वतः द्यायचं म्हणून. रोज द्यायचं ठरवून यायचो. आणि तुम्ही रोज... मला बघून कॉलर नीट करायचात.”

“तीस एप्रिलपासून चाळीस दिवस मोजा,” कोसारा म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. “गेल्या आठवड्यात झाले. चाळीसाव्या दिवशी आमच्यात मेणबत्ती लावतात, माणसाच्या नावानं गहू शिजवतात. माझ्या आईनं त्या दिवशी काय केलं, माहीत आहे? मिलुनसाठी मोजे विणले.”

ती निघाली. मागे वॉल्ट्झ वाजतच होतं.

*

“आलं का कार्ड?” आईनं दारातच विचारलं.

कोसारानं आईकडे पाहिलं. हातात सुया, मांडीवर राखाडी लोकर. मोज्याची टाच वळायला आली होती.

“नाही आई,” ती म्हणाली.

उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. उद्या आईला ठसका लागला. परवा आई कधी नव्हे ती अंगणात जाऊन नासपतीखाली बसली, तिच्या गालांवर जरा ऊन आलं होतं. ते कसं घालवायचं? त्याच्या पुढच्या दिवशी... असे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी सुपाचा डबा उघडताना कोसाराच्या ध्यानात आलं, की ती आईला हसवायला बघतेय. शाळेतल्या मुलींच्या जुन्या गमती सांगतेय, नको इतकं बोलतेय. तिचा हात डब्याच्या झाकणावर तसाच राहिला.

तिचा राग गेला नाही. पण तो राग कुणावर धरायचा, ते मात्र तिला नीट कळेनासं झालं.

आठव्या दिवशी आईनं सुया खाली ठेवल्या. “कोसारा, इकडे बघ. आठवडा झाला, तू माझ्या डोळ्याला डोळा देत नाहीस.” मग अगदी हळू, “गेला ना माझा मिलुन?”

त्या दुपारी कोसारानं सगळं सांगितलं. कार्ड दाखवलं. ते कुणी दिलं, किती दिवसांनी दिलं, तो कोण, आणि ती त्याच्यासाठी कॉलर नीट करायची, तेही सांगितलं. आईनं कार्ड छातीशी धरलं आणि खुर्चीत पुढे-मागे डुलत राहिली. दिवा लावायच्या वेळी म्हणाली,

“त्याला बोलाव.”

“कुणाला?”

“त्या टपालवाल्याला. शनिवारी मी गहू शिजवणार आहे. देव उशीर समजून घेईल. त्याला म्हणावं, ये.”

“आई, अगं गल्लीतले लोक—”

“गल्लीला माझ्या पोराचं एक अक्षर ठाऊक नाही. त्यानं त्याचं प्रत्येक अक्षर वाचलंय.”

ओटाकार आता वाचनालयात येत नव्हता. तो शुक्रवारी शेवटचा आला, पाठीवर मोठं बोचकं घेऊन. गठ्ठ्यातलं कार्ड कमी असल्याचं उघडकीला आलं होतं. चौकशीत त्यानं काही लपवलं नाही. रविवारी पहाटे त्याची तुकडी इटलीच्या आघाडीवर निघणार होती.

“हे पुस्तक परत द्यायचं होतं,” तो खाली बघत म्हणाला.

“उद्या दहा वाजता आमच्याकडे या. आईनं बोलावलंय.”

त्यानं चमकून वर पाहिलं.

“तुमच्या मनात असेल तर,” ती म्हणाली. आणि मग, “मलाही हवंय.”

*

गहू कुठून मिळणार! आईनं मक्याचे दाणे शिजवले. मिलुनची बातमी एव्हाना गल्लीभर झाली होती. शनिवारी सकाळी दार वाजलं. पेर्सिदाबाई उभ्या होत्या. दीड वर्षात त्यांनी या उंबऱ्यावर पाऊल टाकलं नव्हतं. शालीआड धरलेली मूठ त्यांनी उघडली – सोललेले अक्रोड. “कुठे मिळाले ते विचारू नकोस, स्तामेना,” त्या म्हणाल्या, आणि दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

ओटाकार आला तेव्हा खोलीत काळे कपडे घातलेल्या चार-पाच बायका होत्या. तो गणवेश दारात दिसताच कुजबुज थांबली. पेर्सिदाबाई ताडकन उठल्या.

“बस, पेर्सिदा,” आई म्हणाली. “ज्यानं मिलुनची खबर आणली तो हा.”

तिनं स्वतः वाटी पुढे केली. त्यानं चमचाभर दाणे घेतले, छातीवर क्रूस केला – आपल्या कॅथलिक पद्धतीनं, या बायकांच्या उलट्या बाजूनं – आणि खाल्ले. सगळ्या बघत होत्या.

“बाळा,” आई म्हणाली, “माझ्या पोराच्या कार्डांवर काळं असायचं. उजेडात धरून पाहिलं, पाणी लावून पाहिलं. काही दिसलं नाही. तुला आठवतंय का त्याखाली काय होतं?”

ओटाकारनं कोसाराकडे पाहिलं. तिनं होकारार्थी मान हलवली.

“आई, तुम्ही आधी बसा,” तो म्हणाला. आई बसली. तो तिच्या समोर जमिनीवरच बसला आणि हळूहळू, आठवून आठवून बोलू लागला. “ऑक्टोबरच्या कार्डात होतं – आई, आता घरी मिरच्या भाजत असशील. मी डोळे मिटले की वास येतो, आणि मग झोपच येत नाही. डिसेंबरच्या कार्डात होतं – एका पांघरुणात आम्ही तिघं. मी मध्ये असतो, कारण मी सगळ्यात लहान. जानेवारीत... ताईला सांग, तिनं विणलेले हातमोजे मी हरवले नाहीत. चार बटाट्यांना विकले. तिला राग येईल, पण बटाटे फार छान होते.”

आईच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. ती हसत होती. हसता हसता तिनं शालीचं टोक तोंडात कोंबलं. पेर्सिदाबाई भिंतीकडे तोंड करून हुंदके देऊ लागल्या.

“शेवटच्या कार्डात,” ओटाकार म्हणाला, “मी एकच ओळ काळी केली होती. आई, मला ताप आहे, पण शेजारचा म्हातारा माझे पाय चोळतो, अगदी तुझ्यासारखे. – एवढंच. तापाचं लिहायला बंदी होती.”

आईनं हात पुढे करून त्याच्या डोक्यावर ठेवला. बराच वेळ ठेवला.

कोसारा त्याला पोचवायला फाटकापर्यंत आली. ऊन लख्ख पडलं होतं. गल्लीत कुणाच्या ना कुणाच्या खिडकीचा पडदा हलत होता.

“मला तुम्हाला काही सांगायचंय,” तो म्हणाला. “चोवीस दिवस तेही सांगता आलं नाही.”

“आज नको,” ती म्हणाली. “आजचा दिवस मिलुनचा आहे.”

“मग कधी? उद्या पहाटे—”

“माहीत आहे मला.”

तिचा हात त्याच्या हातात होता. कुणी कुणाचा धरला, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. त्याच्या बोटांना शाईचे जुने डाग होते. ज्या बोटांनी मिलुनच्या ओळी काळ्या केल्या, तीच ही बोटं. तिनं ती सोडली नाहीत.

“चोवीस दिवस मी तुला माफ केलेले नाहीत,” ती म्हणाली. “ते विसरता यायचं नाही मला. पण तू मरू नकोस, ओटाकार. ऐकतोयस ना? मरू नकोस. पुढचं आपण पुढे बघू.”

तिनं त्याला पहिल्यांदाच ‘तू’ म्हटलं होतं. ते ऐकून तो क्षणभर डोळे मिटून उभा राहिला. मग टोपी घालून उताराच्या रस्त्यानं नदीकडे चालू लागला, मागे न बघता. बघितलं असतं तर पाय उचलला नसता.

तो वळणाआड गेल्यावर कोसारानं फाटकाच्या खांबाला डोकं टेकवलं. मिलुनची बातमी कळल्यापासून ती एकदाही रडली नव्हती. आता रडू आलं, भर दुपारी, भर गल्लीत, सगळ्यांच्या खिडक्यांसमोर. पेर्सिदाबाई आतून आल्या. तिला टेकून उभ्या राहिल्या.